सायकल, गारठा आणि शरीराची शेगडी

इटलीतल्या टस्कनी या डोंगराळ प्रांतात गायोले नावाचे एक छोटेसे गाव आहे. भोवती द्राक्षांचे मळे, ऑलिव्हच्या बागा आणि टेकड्यांवरून वळणे घेत जाणारे खडीचे कच्चे रस्ते. हे रस्ते दिसायला पांढरेफटक, म्हणून तिथले लोक त्यांना ‘पांढरे रस्ते’ असेच म्हणतात. एकेक करून हे रस्ते डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा ते वाचवण्यासाठी जानकार्लो ब्रोच्ची या सायकलप्रेमी गृहस्थांनी निराळाच उपाय काढला. निवेदने देत बसण्याऐवजी त्यांनी १९९७ साली या रस्त्यांवरून सायकलफेरी काढली. पहिल्या वर्षी ९२ जण आले. आज त्याच फेरीला देशोदेशींचे हजारो लोक जमतात. तिचे नाव ‘लेरोइका’, म्हणजे वीरांची फेरी.

ही शर्यत नव्हे. इथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो. वाटेतल्या ठाण्यांवर आपल्या कार्डावर शिक्के मारून घ्यायचे आणि संध्याकाळपर्यंत गावात परतायचे, एवढेच. मात्र सायकल जुन्या पद्धतीची लागते, साधारणतः १९८७ पूर्वीच्या बनावटीची. गिअरच्या दांड्या हँडलवर नसून खाली चौकटीच्या नळीवर, ब्रेकच्या तारा उघड्यावर आणि पाय पेडलला पट्ट्याने आवळलेला. सर्वांत लांब मार्ग २०९ किलोमीटरचा आहे. त्यातले दिवसभराचे चढ एकावर एक रचले, तर उंची आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक भरते. या लांब मार्गाचे लोक पहाटे अंधारातच दिवे लावून निघतात. पहिल्याच चढावर ब्रोलियोच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना त्यांच्यासाठी पणत्यांसारखे दिवे लावलेले असतात. छोटे मार्गही आहेत. सर्वांत लहान सुमारे ४६ किलोमीटरचा आहे.

आरोग्याच्या सदरात इटलीची सायकलफेरी कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. त्याचे कारण आपल्याच गावातले एक निवृत्त मुख्याध्यापक. वय बासष्ट. मुलगा नोकरीनिमित्त इटलीत असतो. पुढच्या ऑक्टोबरात बापलेकांनी मिळून ही फेरी करायची असे ठरले आहे. गुरुजी दवाखान्यात आले ते गुडघे दाखवायला. जन्मभर सायकलवरून शाळेत गेलेला हा माणूस. आजही रोज मुरमाच्या रस्त्याने शेतावर जातो. “डॉक्टर, गुडघे तेवढे बघून घ्या, बाकी काही काळजी नाही,” म्हणाले.

गुडघे पाहिले. वयाच्या मानाने उत्तम आहेत. पण अशा फेरीत गुडघ्यांनी दगा देण्याआधी दगा देणाऱ्या दुसऱ्याच गोष्टी असतात, आणि त्या गुरुजींच्या गावीही नव्हत्या. त्यांच्याशी जे तासभर बोललो तेच त्यांच्या परवानगीने इथे लिहितो आहे. इटलीला आपल्यातले फार थोडे जातील. पण थंडीच्या दिवसांत पहाटे उठून घाट चढणारी तरुण मंडळी आता गावोगावी आहेत. नाशिकहून पंढरपूरला सायकलची वारी निघते, तीही भर आषाढातल्या पावसात. त्या सगळ्यांना यातले बरेचसे उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट हवेची. शरद ऋतू म्हटला की आपल्याला ऑक्टोबरचा चटका आठवतो. टस्कनीतला शरद वेगळा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुपारी ऊन सुखद असते, पारा वीस-बावीस अंशांपर्यंत जातो. पहाटे मात्र तो दहाच्या आसपास किंवा त्याखालीही असतो. शिवाय तिथला पाऊस आपल्यासारखा चार महिन्यांत येऊन जात नाही. तो शरदातच जोर धरतो. पाऊस आला की पांढऱ्या रस्त्याचा पांढरा चिखल होतो. चाके जड होतात, वेग कमी होतो आणि माणूस भिजतो.

दहा अंश ही काही हाडे गोठवणारी थंडी नव्हे. आपल्याकडे निफाडकर याहून जास्त थंडी सोसतात. मग भीती कशाची? ती समजण्यासाठी शरीराची शेगडी कशी चालते ते पाहिले पाहिजे.

स्नायू काम करतात तेव्हा अन्नातून मिळालेल्या शक्तीचा जेमतेम पाव हिस्सा पेडल फिरवायला खर्च होतो. उरलेल्या तीन हिश्श्यांची उष्णता होते. म्हणजे चढावर सायकल मारणारा माणूस ही धगधगती शेगडीच. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी शरीर कातडीकडे रक्त पाठवते आणि घाम सोडते. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. चढावर ही व्यवस्था अगदी योग्य असते.

पण चढ संपतो आणि उतार लागतो. आता पेडल मारावे लागत नाही, म्हणजे शेगडी एकदम मंद झाली. दुसरीकडे वेग ताशी चाळीस किलोमीटर, म्हणजे समोरून ताशी चाळीस किलोमीटरचा वारा. दहा अंशांच्या हवेत इतका वारा लागला की कोरड्या उघड्या कातडीलाही सहा अंशांसारखी थंडी जाणवते. इथे तर अंगात घामाने नाहीतर पावसाने चिंब झालेला सदरा असतो. कोरड्या हवेपेक्षा पाणी उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने वाहून नेते. घाम काढण्याची जी युक्ती चढावर आपल्याला तारत होती, तीच आता अंगातली ऊब उपसून नेते. थंडी वाजते ती चढावर नव्हे, उतारावर. आणि त्याहून जास्त वाजते ती उतार संपून आपण गप्पा मारत उभे राहतो तेव्हा.

यावर जुन्या युरोपीय सायकलपटूंचा एक उपाय ऐकून आमच्या संपादकांना नक्कीच आनंद होईल. डोंगरमाथ्यावर पोचले की ते रस्त्याकडेच्या प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र मागून घेत आणि ते उलगडून सदऱ्याच्या आत छातीवर सरकवून उतार उतरत. कागद वारा अडवतो आणि त्याच्या घड्यांमध्ये हवेचा थर राहतो. आजही हा उपाय बिनतोड आहे. खिशात मावणारे वारा अडवणारे पातळ जाकीट त्याहून चांगले, पण ते उतार सुरू होण्याआधी घालायचे असते. थंडी वाजू लागल्यावर घालू म्हणणारा अर्धी लढाई तिथेच हरतो.

आतला सदरा सुती नसावा. सुती कापड आपल्या उन्हाळ्यात स्वर्ग आहे, पण ते पाणी धरून ठेवते आणि भिजले की अंगाला चिकटून बसते. लोकरीचे तंतू कुरळे असतात, त्यांच्यात हवा अडकून राहते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के पाणी पिऊनही ओली वाटत नाही. लेरोइकाच्या फेरीत जुन्या धाटणीचे लोकरी सदरे घालायची पद्धत आहे. ती हौस म्हणून असली तरी वैद्यकीयदृष्ट्याही शहाणपणाची आहे. भर पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागे उभ्या असलेल्या आपल्या धनगराला हे कोणी शिकवावे लागत नाही.

आता यातला खरा धोका. शरीराच्या आतल्या भागाचे तापमान साधारण ३७ अंश असते. ते ३५ अंशांच्या खाली गेले की त्याला आम्ही अतिशीतता म्हणतो. पण तिथे पोचण्याआधीच खुणा दिसू लागतात. आधी हुडहुडी भरते. मग बोटे ऐकेनाशी होतात. जाकिटाची चेन लावता येत नाही, पाण्याची बाटली जागेवर बसत नाही. बोबडी वळते. चालताना झोक जातो. आणि माणूस चिडखोर तरी होतो किंवा अगदी गप्प तरी. यातली वाईट गोष्ट अशी की, ज्याला हे होत असते त्याला ते कळत नाही. “मला काही झालेले नाही, चला पुढे,” असे तोच सर्वांत ठासून सांगतो. हुडहुडी थांबली म्हणजे बरे वाटू लागले असा समज होतो. पण अंग अजून गार असताना आणि माणूस सुस्त होत असताना हुडहुडी थांबली, तर ती शेगडी विझत आल्याची खूण आहे. तिथे तडक इस्पितळच गाठले पाहिजे.

गुरुजींना मी सांगितले की या फेरीत शरीर थकण्याआधी विवेक थकतो. म्हणून कधी जाकीट घालायचे, कधी खायचे, कुठे थांबायचे, याचे निर्णय घरूनच घेऊन जायचे आणि वाटेत त्यांवर वाद घालायचा नाही. मुलाला सांगून ठेवायचे की माझी जीभ जड वाटली किंवा मी उगाच चिडलो, तर तू सांगशील ते मी ऐकेन. वडिलांनी मुलाचे ऐकायचे म्हटल्यावर गुरुजी थोडे हसले. पण मी हे गंमत म्हणून सांगितले नव्हते. अशा फेऱ्या एकट्याने न करता समूहाने कराव्यात याचे वैद्यकीय कारण हेच आहे. आपला चेहरा आपल्याला दिसत नाही, बरोबरच्याला दिसतो.

विवेक मंद करणारी दुसरी गोष्ट म्हणजे रिकामी टाकी. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा एक साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. चांगल्या खाल्ल्यापिल्या माणसाच्या स्नायूंत तो चारशे-पाचशे ग्रॅम आणि यकृतात सुमारे शंभर ग्रॅम असतो. चरबीचा साठा प्रत्येकाकडे (काहींकडे जरा जास्तच) भरपूर असतो, पण चरबी सावकाश जळणाऱ्या ओल्या लाकडासारखी. जोराच्या चढाला साखरच लागते. नेटाने सायकल मारली तर हा साठा दीड-दोन तासांत तळाला जातो. मेंदूला तर प्रामुख्याने साखरच लागते, आणि त्याचा पुरवठा यकृतातल्या त्या शंभर ग्रॅमांवर अवलंबून असतो. तो संपत आला की पाय शिशाचे होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम सुटतो, हात थरथरतात आणि रस्त्याच्या कडेला बसून राहावेसे वाटते. सायकलपटू याला ‘भिंतीला धडकणे’ म्हणतात.

या दोन संकटांचे एकमेकांशी साटेलोटे आहे. हुडहुडी म्हणजे स्नायूंनी उष्णतेसाठी केलेली कसरतच. तिलाही साखर जळते. म्हणजे थंडीने साखर लवकर संपते. आणि रक्तातली साखर उतरली की हुडहुडी नीट भरत नाही, म्हणजे ऊब तयार होत नाही. भिजलेला आणि उपाशी माणूस म्हणून इतक्या झटकन ढासळतो. नुसता भिजलेला तग धरतो, नुसता उपाशीही धरतो.

उपाय सोपा आहे, पण घड्याळ लावून करण्याचा आहे. भूक लागण्याची वाट पाहायची नाही. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच खायला सुरुवात करायची आणि पुढे दर अर्ध्या तासाने थोडे थोडे खायचे. तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्ट किंवा साखर मिळाली की पुरते. हा हिशेब आपल्या ओळखीच्या पदार्थांत सांगतो. एका मध्यम केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम, सहा-सात ग्लुकोज बिस्किटांतही तेवढेच, आणि लिंबाएवढ्या गुळाच्या खड्यातही जवळपास तेवढेच. म्हणजे तासाला एक केळे आणि एक गुळाचा खडा झाला की काम भागले. शेंगदाण्याची चिक्की चालते, पण दाण्यांतली चरबी पचायला वेळ घेते. तेव्हा ती चढाआधी नको, निवांत सपाटीवर खावी. गुरुजींनी विचारले, “भाकरी-पिठलं?” भाकरी-पिठले आदल्या रात्री आणि परत आल्यावर. सायकलवर असताना रक्त पायांकडे गेलेले असते, पोटाला जड काम देऊ नये.

लेरोइकाच्या ठाण्यांवरचे खाणे मात्र मोठे रसिकतेचे असते. शिळा पाव, भाज्या आणि वाल-घेवड्यासारखे दाणे एकत्र शिजवून केलेले ‘रिबोलिता’ नावाचे गरम दाट सूप मिळते. गारठलेल्याला याहून चांगले औषध मी लिहून देऊ शकणार नाही. पाणी, मीठ, पिष्ट आणि ऊब एकाच वाडग्यात. तिथे पावाच्या तुकड्यावर वाइन आणि साखर घालूनही देतात. हा त्या मुलखाचा जुना खाऊ आहे, त्याचा अपमान करण्याचा माझा हेतू नाही. पण दारूने अंगात ऊब येते हा समज साफ चुकीचा आहे. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे गरम वाटते. प्रत्यक्षात आतली ऊब कातडीवाटे बाहेर जाते, शिवाय विवेकही आणखी एक पायरी खाली उतरतो. गुरुजी माळकरी आहेत, त्यामुळे हा उपदेश त्यांच्या बाबतीत वाया गेला.

मधुमेहींनी मात्र एवढे जरूर वाचावे. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर लांबच्या सायकलफेरीत साखर अचानक उतरू शकते, आणि ती त्या दिवशी रात्री झोपेतही उतरू शकते. औषधाची मात्रा त्या दिवसापुरती किती ठेवायची हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारा, परस्पर ठरवू नका. खिशात साखर आणि बरोबरच्या माणसाला आपल्या आजाराची माहिती, या दोन गोष्टी असल्याशिवाय निघू नये.

पाण्याबद्दल थोडक्यात. थंडीत तहान कमी लागते आणि लघवी जास्त होते, त्यामुळे पाणी कमी पडते. त्याच्या भीतीने काही जण उलट टोकाला जातात आणि तासाला दोन-दोन लिटर साधे पाणी पितात. त्याने रक्तातले सोडियम पातळ होते. डोके दुखते, मळमळते, भ्रम होतो. तहानेप्रमाणे घोट घोट प्यावे, लांबच्या पल्ल्यात मधूनमधून जलसंजीवनी किंवा मीठ-साखर-लिंबाचे पाणी घ्यावे. फेरीनंतर वजन निघतानापेक्षा जास्त भरले, तर पाणी गरजेपेक्षा जास्त प्यायले असे समजावे.

आता हात. डांबरी रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याला खडीचा रस्ता हातांना काय करतो याची कल्पना येत नाही. प्रत्येक खड्याचा हादरा चाकातून हँडलमध्ये आणि हँडलमधून तळहातात शिरतो. तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याखालून अल्नर नावाची नस जाते. तिच्यावर तासन् तास शरीराचा भार आणि वर हादरे बसले की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते. अंगठ्याकडची बोटे बधिर झाली तर मधली, म्हणजे मीडियन नस दबली असे समजावे. नुसत्या मुंग्यांचे फार वाईट वाटून घेऊ नये. पण ही नस दबली की बोटे फाकवण्याची आणि चिमटीत धरण्याची ताकदही जाते.

याचा संबंध पुन्हा उताराशी आहे. जुन्या सायकलच्या ब्रेकला बोटांचा चांगला जोर लागतो. थंडीने बोटे काकडलेली, हादऱ्यांनी नस बधिर झालेली, ओल्या रिमवर ब्रेक आधीच कमी धरणारा आणि खाली सुटी खडी. या चारांची गाठ एका वळणावर पडली तर मोडते ते मनगट किंवा गळ्याजवळचे हाड. म्हणून हातमोजे हा थाटाचा भाग नाही. तळहाताला गादी असलेले आणि पूर्ण बोटांचे मोजे घ्यावेत. हँडलवर जाड पट्टी गुंडाळावी. चाकात हवा ठेचून भरू नये. टायर जरा रुंद असेल तर थोडी कमी हवा हादरे गिळते. कोपर ताठ न ठेवता किंचित वाकलेले असावे, म्हणजे ते स्प्रिंगचे काम करते. दर पाच-दहा मिनिटांनी पकडीची जागा बदलावी. आणि उतार लागण्याआधी बोटे चार-पाच वेळा मिटून उघडून पाहावीत. नीट मिटत नसतील तर उतरून सायकल हातात धरून चालत खाली यावे. गायोलेच्या फेरीतही कित्येक जण अवघड जागी उतरून चालतात, त्यात कमीपणा नाही.

असाच दाब खोगिरावरही पडतो. सायकलीच्या बैठकीखाली जांघेच्या मधल्या भागातली नस दबून तिथे बधिरपणा येतो. पुरुष मंडळी हे संकोचाने सांगत नाहीत. दर दहा मिनिटांनी क्षणभर पेडलवर उभे राहिले आणि बैठकीचे नाक वर उचललेले नसले की बहुधा त्रास होत नाही.

गुरुजी रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर जातीची गोळी घेतात. ही चांगली गोळी आहे, पण ती हृदयाची गती एका मर्यादेपलीकडे वाढू देत नाही आणि तिच्यामुळे काहींचे हातपाय गार पडतात. म्हणून गुरुजींनी चढावर तरुणांच्या नाडीच्या आकड्यांशी तुलना करू नये. पूर्ण वाक्य बोलता येईल इतपतच दम लागू द्यावा. एका दमात दोन शब्दांवर बोलणे अडले की वेग कमी करावा. लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांना पाणी आणि क्षार कमी पडण्याचा धोका जास्त असतो, हेही इथेच सांगून ठेवतो. गोळी मनाने बंद करू नये.

हृदयाची तपासणी करावी का? इटलीत १९८२ सालापासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना वैद्यकीय तपासणी आणि ई.सी.जी. कायद्याने सक्तीचे आहे. तिथल्या व्हेनेतो प्रांतातल्या तरुण खेळाडूंचा २५ वर्षांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. खेळाडूंमध्ये अचानक हृदय बंद पडून होणारे मृत्यू १९७९-८० मध्ये वर्षाला लाखात ३.६ होते, ते २००३-०४ पर्यंत ०.४ वर आले, असे त्यात आढळले. हे आकडे १२ ते ३५ वयाच्या मुलांचे आहेत. त्या वयात जन्मजात दोष शोधायचे असतात, बासष्टीत शोधायचे ते हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे. आणि त्यासाठी आडवे झोपवून काढलेला ई.सी.जी. पुरेसा नसतो. म्हणून गुरुजींना मी चालत्या पट्ट्यावरची तपासणी करून घ्यायला पाठवले. ती व्यवस्थित आली. तरीही छातीत दडपण, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, नेहमीच्या चढाला नेहमीपेक्षा जास्त धाप, किंवा चक्कर यांपैकी काहीही झाले तर तपासणीचा कागद खिशात आहे म्हणून पुढे जायचे नाही. तिथेच उतरायचे.

मार्गाचा प्रश्न त्यांनी शेवटी काढला. मुलाच्या मनात मोठा मार्ग होता. मी ४६ किलोमीटरचा सांगितला. वय वाढते तशी तहानेची आणि थंडीची जाणीव बोथट होते, हुडहुडीही उशिरा आणि कमी भरते. बासष्टीतल्या माणसाने पहिल्याच वर्षी दहा-बारा तास त्या हवेत राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. छोट्या मार्गावरही खडी आहे, चढ आहेत, सूप आहे आणि मुलगा बरोबर आहे.

तयारीसाठी त्यांना कुठे लांब जायचे कारण नाही. आपल्या धरणाच्या कडेचा मुरमाचा रस्ता टस्कनीच्या खडीची बरीच आठवण करून देईल. आठवड्यातून तीन दिवस, त्यातला एक लांबचा. आणि लांबच्या दिवसाचे अंतर दर आठवड्याला थोडेच वाढवायचे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे निघायचे, म्हणजे जाकीट कधी घालायचे आणि थंड बोटांनी ब्रेक कसा लागतो याचा सराव होईल. खाण्याचाही सराव करायचा. फेरीच्या दिवशी पोटात पहिल्यांदाच नवा पदार्थ घालू नये. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे होऊन गेली असतील तर आधीच घ्यावी. खडीवर पडले की कातडी सोलवटते आणि जखमेत माती जाते. अशी जखम भरपूर स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवावी, हळद किंवा चहाची पूड भरू नये. मळकट जखम झाली आणि लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर डॉक्टरांना दाखवून पुन्हा विचारावे.

फेरी संपल्यावर मंडळी ओल्या कपड्यांतच फोटो काढत उभी राहतात. शेगडी विझलेली आणि अंग ओले, म्हणजे उतारावरचीच परिस्थिती. आधी आडोशाला जाऊन अंगातले सगळे ओले काढावे, पुसून कोरडे घालावे, डोके झाकावे, मग गरम आणि गोड काहीतरी प्यावे. बरोबरचा कोणी खूपच गारठला असेल तर त्याला झोपवून खाली आणि वर पांघरूण घालावे. शुद्ध असेल आणि नीट गिळता येत असेल तरच प्यायला द्यावे. त्याचे हातपाय जोरजोराने चोळू नयेत आणि त्याला एकदम कढत पाण्यात बसवू नये. तसे केल्याने कातडीतले गार रक्त एकाएकी आत जाऊन हृदयावर ताण येतो.

बोटांतल्या मुंग्या बहुधा दोन-चार दिवसांत जातात. कधी दोन-तीन आठवडेही राहतात. तेवढ्या काळात सायकल बाजूला ठेवावी, तळहातावर भार देऊन उठू-बसू नये. मुंग्या त्याहून जास्त टिकल्या, किंवा सदऱ्याची गुंडी लावताना, कुलपात किल्ली फिरवताना बोटांत जोर नाही असे वाटले, तर मुंग्यांसाठी परस्पर व्हिटॅमिनच्या गोळ्या घेत न बसता हात डॉक्टरांना दाखवावा.